अडलेलीसाठी उघडे दार : कामा आणि आल्ब्लेस रुग्णालयाची वाटचाल

मराठीत ‘अडली’ एवढा एकच शब्द पुरतो. कोण अडली, कशात अडली, हे कुणी विचारत नाही. अंगणात पुरुष येरझाऱ्या घालत असत, माजघरात बायका पाणी उकळत असत, आणि आतल्या खोलीत सुईण गप्प झालेली असे. सरळ बाळंतपण सुईणीच्या हातांना नेमके कळे; पायाळू मूलही कित्येकजणी सराईतपणे सोडवीत. पण मूल आडवे आले, वार अडकली, अंगावरून जाणे थांबेना किंवा बाळंतिणीला झटके येऊ लागले, की तिची विद्या संपे. मग कुठे कुठे ताटात चक्रव्यूह रेखून, तो धुतलेले पाणी अडलेलीला पाजत. आतल्याला बाहेरची वाट सापडावी, एवढीच त्यामागची भाबडी आशा. नंतर सोयऱ्याधायऱ्यांकडे पत्र जाई : ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’. नाहीतर कोपरा फाडलेले पत्र जाई आणि ते उघडण्याआधीच मजकूर कळे.

मुंबईत आझाद मैदानाजवळ, महापालिका मार्गावर उभ्या असलेल्या कामा आणि आल्ब्लेस रुग्णालयाचा इतिहास लिहायला बसले, की देणगीदार, इमारती आणि अधिकारी यांची यादी आपोआप तयार होते. ती यादी या लेखातही आहे. परंतु कागदपत्रे बाजूला ठेवून विचार केला, तर या संस्थेची खरी झुंज उशिराशी होती, असे दिसते. बाळंतपणातली बहुतेक संकटे ओळखता येतात आणि वेळेवर हाताळली तर आवरतात. बाई दगावते ती मधल्या वेळात. हा मधला वेळ प्रत्येक काळात वेगळ्या कारणाने लांबला आणि त्या त्या काळातल्या माणसांनी तो आपल्या परीने तोडत आणला.

डॉक्टर होता, पण पुरुष होता

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. म्हणजे पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्र या शहरात येऊन चार दशके होत आली, तरी असंख्य घरांतल्या बाळंतिणीला त्याचा उपयोग नव्हता. डॉक्टर पुरुष होता. परक्या पुरुषाने तपासायचे, तेही अशा अवस्थेत, हे ना सासरच्यांना मान्य होते, ना माहेरच्यांना, ना तिला स्वतःला. डॉक्टरला बोलावलेच तर ते अगदी शेवटी. हा पहिला उशीर. त्याला रस्ते कारण नव्हते, की पैसाही नव्हता.

त्यावर उपाय काढणारे दोघे जण वैद्यकीय पेशातले नव्हते. जॉर्ज किट्रेज हे मुंबईत व्यवसायानिमित्त राहिलेले अमेरिकन गृहस्थ. सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक. गिरणी-कामगारांच्या कायद्यासाठी खटपट करणारे म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. या दोघांच्या पुढाकाराने ‘मेडिकल विमेन फॉर इंडिया फंड’ उभा राहिला. हेतू तीन होते : विलायतेतून स्त्री डॉक्टर आणायच्या, स्त्रियांच्याच हाती असलेले रुग्णालय काढायचे आणि इथल्या मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारे उघडायची. तिसरा हेतू लगेच फळाला आला. १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळू लागला.

रुग्णालयासाठी पेस्तनजी होर्मसजी कामा यांनी मोठी देणगी दिली. २२ नोव्हेंबर १८८३ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्याच डिसेंबरात डॉ. एडिथ पेची मुंबईत उतरल्या आणि १८८६ मध्ये रुग्णालय सुरू झाले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले रुग्णालय ही कल्पना त्या काळी युरोपातसुद्धा नवलाची होती.

पेचीबाईंना बंद दारांची सवय होती. १८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या सात मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवूनही केवळ बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. शेवटी एडिंबरोने पदवी दिलीच नाही. त्यांनी बर्नची एम.डी. पदवी मिळवली आणि व्यवसायाचा परवाना १८७७ मध्ये डब्लिनहून घेतला. अशी बाई मुंबईत आली, तेव्हा बाईमाणसाच्या हाती शस्त्रक्रिया कशी सोपवायची, या शंकेला तिने उत्तर कामातून दिले.

योगायोग असा, की ज्या १८८६ मध्ये हे रुग्णालय उघडले, त्याच वर्षी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून ही मुलगी डॉक्टरकीकडे वळली होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कामा रुग्णालयाशी त्यांचा संबंध आला नाही. तरी आनंदीबाईंच्या घरात जे घडले, तेच टाळण्यासाठी मुंबईतली ही वास्तू उभी राहत होती.

पेचीबाई रुग्णालयाच्या भिंतींआड थांबल्या नाहीत. बालविवाहाविरुद्ध त्यांनी मुंबईतल्या हिंदू समाजासमोर व्याख्यान दिले, ते १८९० मध्ये छापूनही निघाले. त्यामागे निव्वळ सुधारकी उत्साह नव्हता, खाटेवर पाहिलेले वास्तव होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची कटी पुरती वाढलेली नसते. बाळाचे डोके तिथे येऊन अडते. कळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात. मूल आतच जाते. दरम्यान डोके आणि हाड यांच्या चिमट्यात मूत्राशयाची भिंत चेपून मरते आणि तिथे कायमचे भोक पडते. मुलगी जगली, तरी जन्मभर लघवी गळत राहते; मग नवरा टाकतो, घर टाकते. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर आली. प्रसूतिशास्त्राच्या दृष्टीने ती फारच तोकडी होती, पण अडलेल्या बाळंतपणाचे मूळ लग्नाच्या बोहल्यावर असते, हे निदान चर्चेत आले. नको असलेला बालविवाह झुगारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंच्या पाठीशीही पेचीबाई होत्या. पुढे रखमाबाई लंडनला शिकल्या आणि डॉक्टर म्हणून त्यांनी सुरत व राजकोट इथे दीर्घ सेवा केली.

आत आल्यावर

बमनजी एदलजी आल्ब्लेस यांच्या देणगीतून प्रसूतीसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि संस्थेच्या नावात ‘आल्ब्लेस’ जोडले गेले. स्वतंत्र विभाग ही केवळ जागेची सोय नव्हती. एकोणिसाव्या शतकात रुग्णालयातले बाळंतपण घरच्याहूनही घातक ठरू शकत असे. जखमांच्या, तापाच्या रोग्यांवरून फिरलेला हात न धुता बाळंतिणीला लागला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरे. तो बाळंतज्वर. व्हिएन्नात झेमेलवाइसने १८४७ मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून हा ताप आटोक्यात आणून दाखवला होता; लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ पासूनची. तेव्हा बाळंतिणींना इतर रोग्यांपासून वेगळे ठेवणे हाच तेव्हाचा मोठा उपचार होता.

सिझेरियनची शस्त्रक्रिया तेव्हा अखेरचा मार्ग मानली जाई. मूल अडून गेलेले असेल, आईचा जीव वाचवायचा असेल, तर मृत मुलाचे डोके फोडून ते बाहेर काढावे लागे. हे वाचायला जड जाते; करणाऱ्या हातांना किती जड गेले असेल! गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली, १९३०-४० च्या दशकांत सल्फा औषधे आणि मग पेनिसिलिन आले, रक्त देण्याची सोय झाली, तेव्हा कुठे ही शस्त्रक्रिया अडलेलीचा खरा आधार झाली. आज सिझेरियनची संख्या फार झाली का, याची चर्चा चालते, ती योग्यच आहे. पण एके काळी याच वॉर्डांत त्या शस्त्रक्रियेची वाट पाहण्यात बायका गेल्या, हेही या इतिहासात नोंदलेले असावे.

पेचीबाई १८९४ मध्ये प्रकृतीमुळे पायउतार झाल्या. त्यांच्यानंतरच्या काळात डॉ. ॲनेट बेन्सन यांनी रुग्णालयाची धुरा वाहिली. भारतात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांची संघटना आणि त्यांच्यासाठीची सरकारी सेवा यांच्या उभारणीतही बेन्सनबाईंचा वाटा होता. त्यांची आणखी एक कामगिरी त्यांनाही ठाऊक नसलेली. त्यांच्या हाताखाली बऱ्या झालेल्या एका रुग्ण मुलीची धाकटी बहीण हे सारे टक लावून पाहत होती. आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयात यायचे, असे तिने मनाशी ठरवले. तिचे नाव जेरुशा झिराड.

पांढरे ओठ

झिराडबाईंकडे वळण्याआधी मुंबईतल्या एका शोधाकडे पाहायला हवे, कारण बाळंतपणातले मरण कळांच्या कितीतरी आधी सुरू होते, हे त्याने दाखवले.

१९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. मुंबईतल्या गरोदर गिरणी-कामगार बायकांना एका विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत होता. ओठ आणि नखे पांढरी, पायांवर सूज, जिना चढताना धाप. अशा बाईचे बाळंतपण अगदी सरळ झाले, तरी जो रक्तस्राव धडधाकट बाई सहज सोसते, तोच हिला संपवायला पुरे. विल्सने त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात तिच्यासोबत डॉ. तळपदे होत्या, याच तळपदेबाईंनी डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्याबरोबर गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणीही केली. अशा रक्तक्षयावर दिला जाणारा यकृताचा अर्क महाग होता. म्हणून विल्सने यीस्टपासून बनवलेले, विलायतेत पावाला लावून खातात ते मार्माइट देऊन पाहिले. रुग्ण सुधारू लागल्या. १९३१ मध्ये हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बरणीतला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड, हे उलगडायला १९४० चे दशक उजाडले. आज आशाताई घरोघरी लोहाबरोबर ज्या घटकाची गोळी देतात, तो मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या आजारातून जगापुढे आला, हे मराठी वाचकाला क्वचितच माहीत असते.

याच सुमारास कायदाही हलला. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. गरोदर बाईची विश्रांती हा तिच्यावर केलेला उपकार नाही, औषधाइतकीच ती गरजेची आहे, ही जाणीव त्यामागे होती.

मरणाची मोजदाद

डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९१ चा. घराणे बेने इस्रायल, मूळ अलिबागजवळच्या झिराड गावचे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या १९१२ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे लंडनला जाऊन १९१९ मध्ये त्यांनी प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. मिळवली. दिल्ली, बंगळूर असा फेरा करून त्या मुंबईत परतल्या आणि १९२८ मध्ये कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय. लहानपणी पाहिलेले स्वप्न असे तंतोतंत खरे होणे किती जणांच्या नशिबी येते? त्या १९४७ पर्यंत तिथे होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे काम शस्त्रक्रियागृहाबाहेरचे आहे. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरातल्या मातामृत्यूंची पद्धतशीर चौकशी केली. त्याचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. मृत्यूच्या दाखल्यावर ‘बाळंतपणात’ एवढाच शब्द असतो. त्या शब्दाचे पोट उघडून पाहायचे, म्हणजे विचारायचे : ताप कधी आला? रक्त किती गेले? आधी कुणी तपासले होते का? कुणाला बोलावले आणि किती वाजता? अशा प्रश्नांनी दैवाच्या खात्यावर टाकलेले मरण माणसाच्या खात्यावर येते आणि तिथे आल्यावरच ते टाळता येते.

आज शासकीय पातळीवर प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण होते. उशीर कुठे झाला, हा प्रश्न त्यात तक्त्यात विचारला जातो. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी त्याची मांडणी तीन विलंबांत केली : घरातून निघायचे ठरवण्यात झालेला उशीर, पोहोचण्यात झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात झालेला उशीर. कामा रुग्णालयाचा इतिहास याच तीन उशिरांच्या क्रमाने वाचता येतो. पेचीबाईंनी पहिल्या उशिराचे कारण मोडले. दुसऱ्यावर पुढे रुग्णवाहिका आणि संदर्भसेवा यांनी उतारा शोधला. तिसरा उशीर मात्र प्रत्येक पाळीत, प्रत्येक खाटेजवळ नव्याने मोडावा लागतो.

घड्याळ आणि हात

हा तिसरा उशीर किती लहान असतो, हे लेबर रूममध्ये उभ्या राहणाऱ्यालाच कळते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय मुठीसारखे आवळले, तर रक्तवाहिन्या आपोआप दाबल्या जातात. ते सैल राहिले, तर नळ उघडा राहिल्यासारखे रक्त जाते. नर्सचा हात पोटावर असतो तो यासाठी. बेंबीखाली टणक गोळा लागला, की तिचा चेहरा सैलावतो. मऊ लागला, तर ती चोळू लागते, ऑक्सिटोसिन मागवते, रक्तपेढीला कळवते. हे सारे एकाच वेळी, आणि बाळंतिणीशी नेहमीच्याच आवाजात बोलत.

झटक्यांचेही तसेच. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग आकडी. घरात याला कधी बाहेरची बाधा म्हटले गेले. आज मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्तातले औषध आकडी थांबवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने त्याची सरशी सिद्ध केली आणि २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीने ते आकडी येण्याआधीही उपयोगी पडते, हे दाखवले. पण त्यासाठी रक्तदाबाचा पट्टा दंडाला वेळेवर लागावा लागतो.

मुंबईच्या या परंपरेत आणखी एक नाव घ्यायलाच हवे. गोव्यातल्या शिरोड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हापुन्हा गर्भ पडणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाचे तोंड सैल पडते, हे ओळखून त्यांनी तिथे मांडीतल्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टी बांधली आणि १९५५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टाका’ आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. ‘हिच्या पोटी राहत नाही’ म्हणून जिला बोल लावला जाई, त्या बाईची अडचण एका टाक्याएवढी होती!

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. आकडा इथवर उतरण्याचे श्रेय कुण्या एका संस्थेचे नाही. तरी ३३ ही संख्या म्हणजे ३३ घरे, हे अशा संस्थेने विसरून चालत नाही.

२६ नोव्हेंबर २००८

संस्थेच्या इतिहासात ही रात्र टाळता येणार नाही. मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, त्यातले दोन दहशतवादी फाटकावरून चढून आवारात शिरले. रुग्णालयाचे दोन रक्षक मारले गेले. बाजूच्याच गल्लीत पुढे हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले.

प्रसूतिपूर्व कक्षात त्या रात्री परिचारिका अंजली कुलथे यांची पाळी होती. त्यांच्या ताब्यात वीस गरोदर बायका होत्या. त्यांनी कक्षाचे दार लावले आणि साऱ्या जणींना टोकाच्या छोट्या पँट्रीत नेऊन बसवले. गोळ्यांचे, स्फोटांचे आवाज येत होते. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब आधीच वाढलेला. म्हणजे वर सांगितलेले आकडीचे भय दाराशी उभे, आणि डॉक्टरला तिथवर पोहोचता येईना.

पुस्तकात अशा वेळी काय करावे, ते लिहिलेले नाही. पुस्तक एवढेच सांगते, की अशा बाईला वाट पाहायला लावू नये. अंजलीताईंनी तिचा हात धरला आणि भिंतीच्या कडेकडेने, पाऊल पाऊल टाकत तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे न्यायालयात साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या गणवेशातच उभे राहण्याचा आग्रह धरला.

अडलेलीपर्यंत पोहोचायची वाट या संस्थेने सव्वाशे वर्षे आखडती करत आणली होती. त्या रात्री ती काही पावलांची उरली होती, आणि ती पावले टाकणारे माणूस तिच्या शेजारी होते. सकाळी घरच्यांना जो निरोप गेला, त्यात जुन्या पत्रातलेच शब्द होते : बाळ-बाळंतीण सुखरूप.